सदूचा उत्तरपक्ष

थंडी आल्याचं मला आधी माझा डावा खांदा सांगतो. दारावरचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, कापूस वेचायला निघालेल्या बायका डोक्याला फडकी घट्ट बांधू लागलेल्या असतात, आणि एका सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालताना खांद्यात काहीतरी करकरतं. त्या दिवशी मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहितो. वर्गात कुजबुज होते. ते दुखणं माझ्या गावचं, मेहकरचं नाही, बनारसच्या एका हिवाळ्याचं आहे. आणि त्याच हिवाळ्याचं आणखी एक दुखणं आहे, ते खांद्याहून जरा आत आहे. त्याचं नाव सदू.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाच्या गाठी वाहून त्यांची मान कायमची पुढे झुकली होती. रुंद पाठ आणि जाड मनगटं एवढी इस्टेट त्यांच्याकडून मला मिळाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या बाईंचे दूरचे काका बनारसला दुर्गाघाटावर राहत. पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. बाईंनी मध्ये पडून मला तिथल्या विद्यापीठात पाठवलं आणि काकांकडे राहायची सोय केली. ते अण्णा, आणि त्यांच्या पत्नी माई. त्यांनी मला काय काय दिलं ते लिहायला बसलो तर हा लेख पुरायचा नाही. छप्पर दिलं, अन्न दिलं, बोलायची रीत दिली. आजही जेवायला बसलो की पहिला घास तोंडात घालताना माईंचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

आणि त्याच घरात मी एक अख्खा हिवाळा मत्सराने जळत काढला. ज्याच्यावर जळत होतो तो माणूस तिथं राहतही नव्हता.

सदू घाटावरच्याच एका पुरोहिताचा मुलगा. लहानपणी आई गेली आणि तो माईंच्या हातचं खाऊन वाढला. अण्णांकडे न्याय शिकला, विद्यापीठाच्या व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकला, हेवीवेट गटात आधी विद्यापीठाचा आणि मग पूर्वेकडच्या सगळ्या विद्यापीठांचा विजेता झाला. पुढे बँकेत लागून इंदूरला गेला. मी आलो त्याच्या कितीतरी वर्षं आधी गेला होता. पण घरातून काही गेला नव्हता.

गल्ली इतकी अरुंद होती की समोरून गाय आली तर मला खांदे आडवे करून भिंतीला चिकटावं लागे. माई वरून बघत असत. म्हणत, "सदूही असाच तिरका व्हायचा रे. पण तो शिटी मारायचा, गाय आपोआप मागे जायची." माझ्या खोलीच्या तुळईला लोखंडी कडी होती. सदूने तिला वाळूचं पोतं टांगून ठोसे मारले होते. स्वयंपाकघरात खिळ्याला पितळेचं एक भलं मोठं ताट लटकलेलं असे. ते सदूचं ताट. मला स्टीलच्या ताटलीत वाढत. ताटली चांगली होती, तक्रार कशाचीच नव्हती. पण वरण-भात कालवताना माझी नजर खिळ्याकडे जायची.

सगळ्यात जास्त कशाने जळत असेन तर एका लहानशा गोष्टीने. इंदूरहून सदूचा फोन कोपऱ्यावरच्या दुकानात यायचा, माई पदर सावरत जायच्या, आणि परतल्यावर त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगायच्या: "म्हणाला, माई, तू अजून तेच फाटकं स्वेटर घालतेस ना?" तू. तो माईंना तू म्हणत असे. मी 'अहो माई' म्हणत होतो, आणि मला ठाऊक होतं की मी शंभर वर्षं त्या घरात राहिलो तरी माझ्या तोंडून 'अगं' निघणार नाही.

आता बॉक्सिंगचं. विद्यापीठात प्रशिक्षक होते मिसिरजी, बारीक अंगाचे, मफलर गुंडाळलेले. त्यांनी प्रवेशाच्या रांगेतच माझं मनगट पकडलं आणि अर्जावरचं 'ज्ञानोबा' हे नाव वाचलं. "ए ग्यानू, नाव लिहव. हेवीवेटमध्ये माणसंच मिळत नाहीत." खरं म्हणजे मी हेवीवेट नव्हतो. काट्यावर त्या गटाच्या रेषेला जेमतेम शिवत होतो. बाकीची पोरं वजन उतरवायला दोन-दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत, आणि मी वजनाच्या सकाळी केळी खाऊन, लोटाभर पाणी पिऊन काट्यावर चढत असे. मिसिरजी डोक्याला हात लावत. "अरे, एक गट खाली ये. तिथं तुला कुणी हात लावू शकणार नाही." मी ऐकलं नाही. खालच्या गटात मी पहिला आलो असतो, पण ती शिडीच वेगळी होती. सदू ज्या शिडीवर होता तिच्यावर मला पाय ठेवायचा होता, मग शेवटच्या पायरीवर का असेना.

तो हिवाळा आठवतो तो आधी वासांनी. बोरसीतल्या, म्हणजे मातीच्या शेगडीतल्या गोवऱ्यांचा धूर, उन्हात टाकलेल्या रजईचा कोंदट ऊबदार वास, तुपात परतलेल्या मटारचा वास. सकाळी मलइयोवाला यायचा. दुधाचा तो केशरी फेस दव पडतं तोवरच टिकतो, जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. नदी दिसत नसे. कोहऱ्यातून, त्या दाट धुक्यातून नावाड्याचा नुसता आवाज यायचा, आणि मग आवाजाच्या मागून नाव. दुपारी ऊन फुटलं की सगळा मोहल्ला पायऱ्यांवर येऊन बसायचा. लल्लनचं चहाचं दुकान तिथंच, एका छत्रीखाली. आणि तिथं, मातीचा कुल्हड हातात घेऊन, जगातल्या हेवीवेटांचे क्रमांक लागत.

टीव्हीवर तेव्हा अमेरिकेतल्या लढती दाखवत. त्यांतल्या कुणी कुणाला कुठं लोळवलं याचा लल्लन चहा गाळता गाळता निकाल लावत असे. जगात पहिला कोण यावर दोन तट होते, दुसरा कोण यावर भांडण होतं, पण तिसरा कोण यावर कुणाचं दुमत नव्हतं. "तिसरे अपने सदू गुरू!" एकदा मी म्हटलं, "सदू विद्यापीठात लढला लल्लनभाई, जगात कुठं?" लल्लनने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जग त्यांच्यासमोर आलं नाही, त्याला ते काय करणार?" सगळे हसले. मग कुणीतरी विचारलं, "आणि हा आपला मराठी पहिलवान कितवा?" मी श्वास धरून बसलो. लल्लनने चहा फडक्यातून पिळला. "ह्याची अजून गिनती सुरू झालेली नाही. बिना लड़े चॅम्पियन!" त्या वर्षी विद्यापीठाचा विजेता मीच होतो, पण समोरचा पोरगा तापाने आला नव्हता. ते सगळ्या घाटाला माहीत होतं.

जुनी माणसं आणखी मागे जात. दुर्गाघाटावर पूर्वी मुक्कीच्या लढती होत. ग्लोव्हज नाहीत, रिंग नाही, मोहल्ला विरुद्ध मोहल्ला, उघड्या मुठींनी. ज्यांनी त्या पाहिल्या होत्या ते म्हणत, मुक्कीवाल्यांपुढे सदूही पोर होता. मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग तेच म्हणत, "पण मुक्कीच्या जमान्यात सदू असता तर..." आणि पुन्हा सदू पहिला. न पाहिलेल्या काळातही तोच जिंकत होता. तेव्हा मला वाटायचं, आणि आजही वाटतं, की मत्सर करायचाच तर समोर असलेल्या माणसाचा करावा. तो निदान कधी दमतो, त्याला सर्दी होते. गेलेला माणूस एकही लढत हरत नाही.

हे सगळं अण्णा मिटल्या डोळ्यांनी ऐकत. त्यांच्या घरात वाद घालायची एक रीत होती. आमटीत गूळ किती यावरही तीच चाले. तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. तो पूर्वपक्ष. आणि तो असा मांडायचा की समोरच्याने मान हलवून म्हटलं पाहिजे, "हो, हेच माझं म्हणणं आहे." ती मान हलेपर्यंत तुम्हाला स्वतःच्या बाजूने, म्हणजे उत्तरपक्षात, एक शब्द बोलायची परवानगी नाही.

मी एकदा ते धाडस केलं. पायऱ्यांवर अण्णांसमोर बसलो आणि म्हटलं, "मला सदूदादांचा क्रमांक ठरवायचाय."

"सदू इथं नाही," अण्णा म्हणाले. "त्याच्या जागी मी मान हलवीन. मांड पूर्वपक्ष."

मी मांडला. सदू उंच होता म्हणून हात लांब पोचायचा. तेव्हा हेवीवेटमध्ये दम नव्हता म्हणून सलग जिंकला. घाटाचा मुलगा म्हणून टाळ्या मिळाल्या. अण्णांची मान हलली नाही. मी आणखी मांडलं. ती हललीच नाही.

"ज्ञानोबा, हा तू तुझ्या सोयीचा सदू केलास," ते म्हणाले. "एवढ्याशा सदूला हरवून तुला काय मिळणार?"

लल्लनने तेवढ्यात कुल्हड पुढे केला. "पियो पहिलवान, गरम है." मी तो घेतला आणि तसाच पायरीवर ठेवून दिला.

संक्रांतीच्या आधी सदू आला.

मी काय कल्पना केली होती कोण जाणे. दारात उभा होता तो पोट सुटलेला, चष्मा लावलेला, बँकेतला साधा माणूस. मफलर कानावरून घेतलेला. मनातून मला आनंद झाला. मग तो आत आला, वाकला, माईंना दोन्ही हातांनी जमिनीवरून उचललं, आणि माई लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अरे सोड, सोड, कंबर मोडेल माझी!" त्या घरात मी माईंना इतकं मोठ्याने हसताना प्रथमच ऐकलं.

रात्री तो माझ्याच खोलीत झोपणार होता. वर बघून म्हणाला, "कडी अजून आहे? तू पोतं टांगतोस ना?"

"नाही."

"का?"

काय सांगणार? ती कडी तुमची आहे म्हणून? मी त्याच्यासाठी रजई झटकू लागलो.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या हॉलमध्ये माझी लढत होती, आणि या वेळी समोरचा आला होता. गोरखपूरचा, माझ्याहून डोकंभर उंच, बैलासारख्या मानेचा. सदू मिसिरजींच्या शेजारी बाकावर बसला होता. मी दोन राउंड गोरखपूरवाल्याकडे पाहत लढलो आणि निम्मं लक्ष बाकाकडे होतं. तिसऱ्यात मी डाव्या हाताचा हूक मारला, तो हवेत गेला आणि खांद्यात काहीतरी निसटलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. पुढचं मी एका हाताने लढलो. पडलो नाही. गुणांवर हरलो. घंटा झाल्यावर मिसिरजींनी माझा हात गळ्यात बांधला. सदूने माझे ग्लोव्हज उचलले. घाटावर आमच्या आधी बातमी पोचली होती. लल्लन म्हणाला, "सदू गुरू असते तर..." आणि सदू माझ्या शेजारीच उभा आहे हे पाहून त्याने जीभ चावली.

संक्रांतीच्या दुपारी पायऱ्यांवर तिळगूळ वाटला. आकाशात पतंग इतके होते की ऊन अडत होतं. लल्लनलाच राहवलं नाही. "आज दोघंही हजर आहेत. अण्णा, फैसला होऊन जाऊ दे."

मला उठून जावंसं वाटलं. अण्णांनी डोळे उघडले. "कोण बोलणार?"

"मी," सदू म्हणाला. आणि पायऱ्यांवर मांडी ठोकून माझ्याकडे तोंड करून बसला. "पूर्वपक्ष मांडतो. ज्ञानूचा."

मग तो बोलला. आवाज अजिबात न चढवता, बँकेत कुणाला व्याज समजावून सांगावं तसा.

"पहिलं. हा हेवीवेट नाही. मी परवाच ओळखलं. एक गट खाली गेला तर आरामात जिंकेल. तरी तो वर उभा राहतो आणि मोठ्या माणसांचा मार खातो. मी कधी माझ्याहून मोठ्या माणसाशी लढलोच नाही, कारण माझ्याहून मोठा कुणी नव्हताच. दुसरं. मार बसला की मी एक पाऊल मागे घ्यायचो. लोक म्हणायचे, काय डोकं आहे! डोकं कसलं, दुखायचं म्हणून घ्यायचो. हा घेत नाही. काल हात निखळला तरी नाही घेतलं. तिसरं..." तो जरा थांबला, आणि वरच्या पायरीवर तिळगुळाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या माईंकडे त्याने पाहिलं. "मी माईचं जेवून लढलो. मागून मागून, पोट फुटेपर्यंत. हा लढतीच्या आदल्या रात्री दोन पोळ्या खाऊन उठला. भूक होती. तिसरी मागितली नाही. हा दुसऱ्याच्या घरात राहतो, अर्ध्या पोटाने राहतो, आणि अर्ध्या पोटाने लढतो. तसा मी एक दिवसही लढलो नाही."

वर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि पलीकडच्या गच्चीवर आरडाओरड झाली. माईंचा हात तोंडावर गेला होता.

"ज्ञानोबा," अण्णांनी विचारलं, "हे तुझं म्हणणं आहे?"

माझं म्हणणं! मी माझ्या बाजूने इतकं बोलूच शकलो नसतो. मला ते ठाऊकच नव्हतं. मी मान हलवली.

"सदू, आता तुझा उत्तरपक्ष."

सदू धोतराला लागलेले तीळ झटकत उठला. "माझा उत्तरपक्ष नाही."

आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ज्याला उत्तरपक्ष नाही तो हरला. अण्णा म्हणाले, "मग ज्ञानू वर." लल्लनने टाळी वाजवली, "चला, गिनती सुरू झाली! जगात तिसरा नंबर बदलला!" लोकांनी मला पाठीवर थोपटलं, दुखऱ्या खांद्यावर थोपटलं. आणि मी तिथं बसून सदूकडे पाहत होतो. लोक माझं अभिनंदन करून त्याच्याकडे वळत होते. "गुरू, काय बोललात!" वरचा क्रमांक माझा झाला होता, आणि मान त्याला मिळाला होता. तो मला वर चढवून पुन्हा माझ्या वर जाऊन बसला होता. इतका राग मला गोरखपूरवाल्याचाही आला नव्हता.

संध्याकाळी माईंनी खिळ्यावरचं ताट काढलं. चिंचेने घासलं. सोन्यासारखं झालं. सदूसमोर ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "माई, मला आता साखर झालीय, मोजून खावं लागतं. तू ह्याला वाढ."

माईंनी ताट माझ्यासमोर सरकवलं. मटारभात, कढी, पोळ्या, गुळाची पोळी, तुपाची धार. "तिसरी पोळी मागायची," त्या म्हणाल्या, "चौथी मागायची. समजलं? नाही तर मी बोलणार नाही तुझ्याशी." त्यांचे डोळे लाल होते. ज्या ताटाकडे मी सगळा हिवाळा पाहिलं होतं ते माझ्यासमोर होतं. एका हाताने मी खात राहिलो. ते संपेना. त्या ताटाचा तळ मला दिसलाच नाही, आणि समोर बसलेला सदू वाटीभर कढी पीत माझ्याकडे पाहून हसत होता. छळायला नाही. नुसता हसत होता. तेच सहन होत नव्हतं.

तो इंदूरला निघाला तेव्हा त्याची बॅग उजव्या हातात घेऊन मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. समोरून गाय आली. सदूने शिटी मारली आणि ती खरोखरच मागे सरली. तो रिक्षात बसत असताना मी त्याला विचारलं, "सदूदादा, तुमच्याकडे उत्तरपक्ष खरंच नव्हता?"

"होता की," तो म्हणाला. "भारी होता."

"मग सांगितला का नाही?"

"तू शोध. सापडला की सांग, मी मान हलवीन."

त्यानंतर मी पदवी घेतली, परत आलो, शिक्षक झालो, शाळेत बॉक्सिंगही शिकवू लागलो. माझ्या वडिलांनी पदवीदानाचा फोटो पाहून झुकलेली मान वर करायचा प्रयत्न केला, तो क्षण मला कुठल्याही क्रमांकाहून मोठा आहे. अण्णा गेले. माई थकल्या. काही वर्षांनी इंदूरहून सदू गेल्याचा निरोप आला. तेव्हा मी शाळेच्या मैदानावर होतो. मुलींचा सराव चालला होता. आता मुलीही बॉक्सिंग करतात, आणि माझ्याकडची एक हेवीवेट तर अशी आहे की तिच्यापुढे उभं राहायला मुलगे कचरतात.

परवा थंडी पडली, खांदा बोलू लागला, आणि ग्लोव्हज सोडता सोडता तिनेच विचारलं, "सर, तुम्ही पाहिलेल्या हेवीवेटांत सगळ्यात भारी कोण?"

मी सदूला रिंगमध्ये लढताना कधीच पाहिलेलं नाही. तरी सांगू लागलो. सांगितलं की तो मागे घ्यायचा ते पाऊल दुखण्यामुळे नव्हतं, ते त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. मागे जाऊन तो समोरच्याला तोल जायची संधी द्यायचा. सांगितलं की पोटभर खाऊन लढणं सोपं नसतं, कारण ज्याला सगळं मिळालेलं असतं त्याला उठून मार खायला जायचं कारण उरत नाही, आणि तरी तो जायचा. सांगितलं की आपल्याहून मोठा कुणी नसताना रोज पोत्यावर ठोसे मारायला फार मोठं मन लागतं. सांगितलं की समोरच्या माणसाला दोन दिवसांत इतकं नीट पाहणारा माणूस रिंगमध्ये काय काय पाहत असेल याचा विचार करा. बोलता बोलता आवाज चढला. मुली ग्लोव्हज काखेत धरून ऐकत होत्या.

"म्हणजे तो तुमच्यापेक्षा भारी?" ती म्हणाली.

माझा उत्तरपक्ष तयार आहे. इतक्या वर्षांत तो मी मनात किती घोटला आहे. त्यात गोरखपूर आहे, डावा हूक आहे, जिनिंगच्या गाठी आहेत, शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहणं आहे. तो ऐकला असता तर अण्णाही म्हणाले असते, ज्ञानू वर. पण रीत ती रीत. सदूचं म्हणणं मी आता कुठं नीट मांडायला शिकलोय, आणि ज्याने मान हलवायची तो नाही. इंदूरलाही नाही, दुर्गाघाटालाही नाही.

मी तिला म्हटलं, "थांब जरा." आणि दुखरा खांदा चोळत, बोरीच्या झाडाखालच्या रिकाम्या बाकाकडे पाहत उभा राहिलो.